गाडीतला डिजिटल रेडिओ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कुणी नवी गाडी घेतली की पेढा खाता खाता मी एक प्रश्न विचारतो, "रेडिओत डीआरएम आहे का?" बहुतेकांनी डिजिटल रेडिओच्या या पद्धतीचं नावच ऐकलेलं नसतं. मग आम्ही गाडीत जाऊन बसतो, डॅशबोर्डवरचा पडदा चाळतो आणि बऱ्याचदा तो तिथे सापडतो. दोन वर्षं वापरात असलेल्या गाडीतही सापडलेला आहे. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत मला विचारले गेलेले हे प्रश्न आणि मला देता आलेली उत्तरं.

डिजिटल रेडिओ म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओच ना?

नाही, आणि हा गोंधळ आधी दूर व्हायला हवा. मोबाईलवरच्या ॲपमध्ये आकाशवाणी लावता तेव्हा आवाज तुमच्यापर्यंत मोबाईलच्या टॉवरवरून येतो. त्याला डेटा लागतो, रेंज लागते. डिजिटल रेडिओचा आवाज जुन्या रेडिओसारखाच प्रक्षेपकाच्या मनोऱ्यावरून थेट हवेतून येतो. त्याला सिमकार्ड नको, रिचार्ज नको. एका प्रक्षेपकावरून शंभर माणसं ऐकोत की एक कोटी, प्रसारकाचा खर्च तेवढाच.

फरक आहे तो आवाज पाठवण्याच्या पद्धतीत. जुन्या पद्धतीत लहरीचा जोर किंवा तिची कंपनसंख्या आवाजाप्रमाणे बदलत राहते, म्हणून वाटेत मिसळलेली खरखरही आपल्याला ऐकू येते. डिजिटल पद्धतीत आधी आवाजाचे आकडे होतात, ते दाबून लहान केले जातात आणि वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून थोडी जास्तीची माहिती सोबत जाते. गाडीतला संच त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करतो.

डीआरएम हे कशाचं नाव आहे?

डिजिटल रेडिओ मोंडियाल, हे संघटनेचंही नाव आणि तिच्या पद्धतीचंही. जगभरातले प्रसारक, प्रक्षेपक बनवणाऱ्या कंपन्या आणि संशोधन संस्था यांनी १९९८ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथे एकत्र येऊन या संघटनेची पायाभरणी केली. २००३ मध्ये जिनिव्हा इथल्या जागतिक रेडिओ परिषदेच्या वेळी नियमित प्रसारणाला सुरुवात झाली. मिडियम वेव्ह, शॉर्ट वेव्ह आणि एफएमचा पट्टा या तिन्ही ठिकाणी चालेल अशी ही एकच पद्धत आहे. आकाशवाणीने ती निवडली त्याचं मोठं कारण हेच. आपल्या देशाचा पसारा मिडियम वेव्हने जसा झाकला, तसा एफएमने कधीच झाकला नव्हता.

आकाशवाणीने पस्तीसच्या आसपास मिडियम वेव्ह प्रक्षेपक डीआरएमसाठी उभे केले किंवा सुधारून घेतले. त्या यादीत मुंबई, पुणे आणि पणजी ही आपल्या भागातली ठिकाणं आहेत.

माझ्या गाडीत तो आहे का, हे कसं ओळखायचं?

रेडिओच्या पडद्यावर एफएम आणि एएम (म्हणजे मिडियम वेव्ह) यांच्या शेजारी डीआरएम अशी अक्षरं दिसतात का पाहा. दिसली नाहीत तर एएम लावून स्टेशनांची यादी नव्याने शोधायला सांगा, काही गाड्यांत डिजिटल स्टेशनं त्याच यादीत येतात. तरीही सापडलं नाही तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतलं म्युझिक सिस्टीमचं प्रकरण उघडा.

ह्युंदाई, मारुती सुझुकी, महिंद्रा, टोयोटा आणि एमजी या कंपन्यांच्या काही मॉडेलांत डीआरएम संच कारखान्यातूनच बसून आले आहेत. "काही" हा शब्द महत्त्वाचा. एकाच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये तो असतो आणि खालच्यात नसतो.

कंपन्यांवर सक्ती नव्हती, मग त्यांनी तो बसवला कशाला?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझी स्वतःची एक समजूत बदलली. गाडीवाले नव्या तंत्राला घाबरतात, ग्राहकाने मागणी केल्याशिवाय हात लावत नाहीत, असं मी धरून चाललो होतो. भारतात घडलं उलटंच. ह्युंदाईने २०१७ च्या सुमारास सुरुवात केली तेव्हा एकाही ग्राहकाने शोरूममध्ये जाऊन डीआरएम मागितलं नव्हतं.

कारण तंत्रात आहे. आजच्या गाडीतला रेडिओ म्हणजे पूर्वीसारखा वेगळा डबा राहिलेला नाही. पडदा, नकाशा, फोन आणि गाणी हे सगळं एकाच संगणकावर चालतं, आणि रेडिओचं काम करणारी चिप त्याच्या आत असते. ही चिप बनवणाऱ्या कंपन्या जगभरच्या बाजारासाठी एकच चिप बनवतात. युरोपातलं डॅब, अमेरिकेतलं एचडी रेडिओ आणि आपलं डीआरएम या डिजिटल पद्धतींपैकी जी हवी ती सॉफ्टवेअरने चालू करता येतं. कोचीची इनटॉट ही कंपनी तर डीआरएमचा संच जवळजवळ पूर्णपणे सॉफ्टवेअरमध्येच लिहिते. म्हणजे गाडी कंपनीसाठी वाढीव खर्च असतो तो परवान्याचा आणि चाचणीचा. लाखो रुपयांच्या गाडीत तो मावून जातो.

गाडी हे रेडिओचं घरही आहे. हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, मोकळे फक्त कान. छतावर अँटेना आहे, बॅटरी तयार आहे, स्पीकर चांगले आहेत. डीआरएमच्या घरगुती संचाला जे जे महाग पडतं ते सगळं गाडीत आधीपासून असतं. म्हणून आज देशात रस्त्यावर धावणाऱ्या डीआरएम गाड्यांची संख्या लाखांच्या घरात आहे आणि घराघरांतले संच मात्र शोधावे लागतात.

तेव्हा गाडी कंपन्या या तंत्राला स्वीकारतील का, हा प्रश्न आपल्याकडे बऱ्याच अंशी सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न पुढचा आहे.

गाड्यांत आहे, मग लोक ऐकत का नाहीत?

कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

तीन वर्षांपूर्वी भावाच्या गाडीसाठी आम्ही पुण्यातल्या एका शोरूममध्ये गेलो होतो. गाडी दाखवणारा मुलगा हुशार होता. सनरूफ, सहा एअरबॅग, मागचा कॅमेरा, सगळं त्याने मनापासून दाखवलं. मी डीआरएमबद्दल विचारलं तर म्हणाला, "दादा, ते काय असतं मला माहीत नाही, पण अँड्रॉइड ऑटो आहे." आम्ही पडद्यावर शोधलं आणि तो सापडला. त्या मुलाने रोज दहा माणसांना ती गाडी दाखवली असेल, आणि त्याच्या प्रशिक्षणात या सोयीवर एक ओळही नव्हती. मला त्याचा राग आला नाही. त्याला शिकवणाऱ्यांना ती सांगण्यासारखी वाटली नाही, याचं मात्र फार वाईट वाटलं. शोरूम तळघरात होतं, त्यामुळे तिथे लावून दाखवण्याचीही सोय नव्हती.

दुसरं कारण जास्त खोल आहे. समजा, माणसाने बटण दाबलं. त्याला ऐकू काय येणार? बहुतेक वेळा मिडियम वेव्हवर चालू असलेलाच कार्यक्रम, जरा स्वच्छ आवाजात. तोच कार्यक्रम ॲपवर असतो, कधी एफएमवरही असतो. फक्त इथेच मिळेल असं काही नसेल तर माणूस सवय का बदलेल?

याबाबतीत इंग्लंडचा अनुभव मला फार शिकवणारा वाटतो. बीबीसीने तिथे १९९५ मध्ये डॅब सुरू केलं. कितीतरी वर्षं त्याचा वेग मुंगीचा होता. २००२ मध्ये बीबीसीने सिक्स म्युझिक नावाचं स्टेशन काढलं, जे एफएमवर लागतच नव्हतं. २०१० मध्ये खर्च वाचवण्यासाठी ते बंद करायचा प्रस्ताव आला, तेव्हा श्रोत्यांनी इतका विरोध केला की तो मागे पडला. त्या गडबडीत ज्यांनी हे स्टेशन कधी ऐकलं नव्हतं त्यांनीही ते लावून पाहिलं, आणि श्रोते वाढले. म्हणजे कार्यक्रम आवडला, तेव्हा लोकांनी संच घेतले. नव्या गाड्यांत डॅब सर्रास येऊ लागल्यावर वेग आणखी वाढला आणि २०१८ मध्ये तिथलं निम्म्याहून अधिक रेडिओ ऐकणं डिजिटल मार्गांनी होऊ लागलं. सुरुवातीपासून मोजलं तर तेवीस वर्षं लागली.

आपल्याकडे असं एखादं स्टेशन काढायला साहित्याची वाण नाही. आकाशवाणीच्या संग्रहात नाट्यसंगीत आहे, कीर्तनं आहेत, श्रुतिका आहेत, मोठमोठ्या गायकांच्या बैठका आहेत. चोवीस तास जुनं मराठी संगीत आणि नभोनाट्यं देणारी एक वाहिनी फक्त डीआरएमवर सुरू झाली, तर शोरूममधल्या त्या मुलाला गिऱ्हाईकच शिकवेल.

आवाज खरंच चांगला येतो का?

येतो तेव्हा फारच चांगला येतो. मिडियम वेव्हवरचं गाणं आपण वर्षानुवर्षं जाड पडद्याआडून ऐकत आलो. तबल्याची चाट, तानपुऱ्याचा झंकार हे सगळं त्या पद्धतीत कापलं जायचं. डीआरएमवर पहिल्यांदा तेच ऐकलं तेव्हा मी गाडी कडेला घेऊन थांबलो होतो. एफएमच्या तोडीचा आवाज, तोही शंभर किलोमीटरवरच्या प्रक्षेपकावरून.

पण एक गोष्ट आधीच सांगायला हवी. जुन्या रेडिओची रेंज संपत आली की तो हळूहळू म्हातारा व्हायचा. आधी खरखर, मग पुसट शब्द, मग नुसता सूंऽऽ आवाज. डिजिटल रेडिओ असा विझत नाही. पुरेसे आकडे पोचेनासे झाले की आवाज एका क्षणात बंद होतो आणि परत येतो तोही एकदम. विजेच्या मोठ्या तारांखाली, पुलाखाली, बोगद्यात हे घडतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं संच बिघडला.

यातच आणखी एक अडचण दडलेली आहे. बरेच प्रक्षेपक एकाच वेळी जुना आणि डिजिटल असे दोन्ही संकेत सोडतात. तेव्हा शक्तीचा मोठा वाटा जुन्या संकेताला जातो आणि डिजिटलला उरतो त्यात त्याचा परिसर आक्रसतो. तोच प्रक्षेपक पूर्ण डिजिटल चालवला तर तो कमी विजेत मोठा भाग झाकू शकतो. पण पूर्ण डिजिटल केलं की जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेला माणूस तुटतो. माझ्या मते हा तिढा सोडवण्याचा मार्ग म्हणजे ज्या ठिकाणी दोन प्रक्षेपक आहेत तिथे एक पूर्ण डिजिटल करणं आणि दुसरा जुन्या श्रोत्यांसाठी राखणं.

घाटात लागेल का?

मिडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, डोंगराला वळसा घालते. एफएमला प्रक्षेपकाची जवळजवळ सरळ नजर लागते. ताम्हिणीत उतरताना पुण्याची एफएम स्टेशनं एकेक करून गळतात, मोबाईलची रेंज तर आधीच गेलेली असते. त्या पट्ट्यात मिडियम वेव्हवरचं डीआरएम टिकण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. मी "शक्यता" म्हणतो, कारण दरी किती खोल, गाडीची अँटेना कशी, यावर बरंच अवलंबून असतं. रात्री आणखी वेगळं. सूर्य मावळला की दूरदूरच्या मिडियम वेव्ह स्टेशनांच्या लहरी आकाशातल्या थरावरून परतून येतात आणि एकमेकींत मिसळतात. डिजिटल संकेतालाही त्याचा त्रास होतो.

समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या वाटेवर ही पद्धत कामाची आहे. एफएमचं एक स्टेशन साठ-सत्तर किलोमीटर साथ देतं आणि सुटतं. डीआरएममध्ये तोच कार्यक्रम दुसऱ्या कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे स्टेशनच संचाला कळवू शकतं आणि संच आपोआप तिकडे सरकतो.

मोबाईलवर सगळं मिळतं. मग हा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, गाणी आणि पॉडकास्ट बोटावर आले. शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसाला डिजिटल रेडिओची निकड नाही, हे मी मान्य करतो.

पण ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. काही तासांत विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर मुके झाले. माडा-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या आणि गावोगाव दिवसेंदिवस वीज नव्हती. मुंबई-पुण्यातली मुलं आईवडिलांना फोन लावत होती आणि फोन लागत नव्हता. आमच्या शेजारच्या काकूंची बहीण त्या पट्ट्यात राहते. तिसऱ्या दिवशी एका दूधवाल्याच्या निरोपावरून ती सुखरूप असल्याचं कळलं. पुढच्या वर्षी, जुलै २०२१ मध्ये, चिपळूण पाण्याखाली गेलं. तिथेही पहिल्या काही तासांत संपर्क तुटला.

अशा वेळी शंभर किलोमीटर दूर, वादळाच्या मार्गाबाहेर उभा असलेला एक प्रक्षेपक अख्ख्या किनाऱ्याशी बोलू शकतो. अंगणात उभी असलेली गाडी हा बॅटरीवर चालणारा रेडिओ असतो. डीआरएममध्ये धोक्याच्या सूचनेची खास सोय आहे. प्रक्षेपकावरून इशारा सुटला की संच आपण ऐकत असलेला कार्यक्रम सोडून सूचनेवर जातो आणि पडद्यावर मजकूरही दाखवतो, एकापेक्षा अधिक भाषांत. पूल वाहून गेला, अमुक शाळेत निवारा आहे, पाणी किती वाजता सोडणार, हे सगळं त्यात देता येतं. ही सोय कागदावर उत्तम आहे. ती प्रत्यक्षात उतरायची तर जिल्हा आपत्ती कक्ष आणि आकाशवाणी यांच्यात आधीपासून ठरलेली पद्धत हवी आणि वर्षातून एकदा तरी सराव हवा. किनाऱ्यावरच्या तालुक्यांत पावसाळ्याआधी असा सराव व्हावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

डीआरएम, एचडी रेडिओ, डॅब यांच्यात नेमका फरक काय?

डॅब ही युरोपातली पद्धत. तिला एफएमपेक्षा वेगळा पट्टा लागतो आणि अनेक स्टेशनं एका मोठ्या गठ्ठ्यात एकत्र जातात. एचडी रेडिओ अमेरिकेतली. तिथल्या नियामकाने २००२ मध्ये ती मान्य केली. ती जुन्या एफएम संकेताच्या दोन्ही बाजूंना डिजिटल संकेत चिकटवते, त्यामुळे जुन्या स्टेशनला पत्ता बदलावा लागत नाही. तिची मालकी एका कंपनीकडे आहे. डीआरएम खुल्या मानकावर चालते आणि एफएमच्या पट्ट्यात तिला जेमतेम ९६ किलोहर्ट्झ जागा पुरते.

आपल्याकडच्या चर्चेत मुख्य ओढाताण डीआरएम आणि एचडी रेडिओ यांच्यात राहिली आहे. आकाशवाणीची मिडियम वेव्हवरची गुंतवणूक डीआरएममध्ये आहे, तर एफएमच्या पट्ट्यासाठी दोन्ही पद्धतींच्या चाचण्या दिल्लीत झाल्या. मला स्वतःला डीआरएम योग्य वाटतं आणि त्याचं कारण साधं आहे. लाखो गाड्यांत ते आधीच बसलेलं आहे आणि त्यातल्या बऱ्याच संचांना एफएम पट्ट्यातलं डीआरएम सॉफ्टवेअर बदलून शिकवता येण्यासारखं आहे. दुसरी पद्धत निवडली तर या सगळ्या गाड्या एका रात्रीत निम्म्या मुक्या होतील.

पुण्या-मुंबईत खासगी एफएम स्टेशनं डिजिटल कधी होणार?

दूरसंचार नियामक म्हणजे ट्रायने या विषयावर पहिल्या शिफारशी फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्या. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये नवा चर्चापत्र आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सविस्तर शिफारशी आल्या. त्यांचा गाभा असा: सुरुवात तेरा मोठ्या शहरांत करावी, त्यात आपली मुंबई, पुणे आणि नागपूर आहेत. एकाच फ्रिक्वेन्सीवर एक जुना एफएम कार्यक्रम, तीन डिजिटल कार्यक्रम आणि एक माहितीची वाहिनी चालवता यावी. जुन्या स्टेशनांना डिजिटलकडे यायचं की नाही हे ऐच्छिक असावं. देशासाठी तंत्र एकच निवडावं.

शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. लिलाव, परवाने, यंत्रसामग्री हे सगळं त्यापुढे येतं. खासगी स्टेशनवाल्यांचा हात आखडता आहे आणि त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. जाहिरातीचा पैसा मोबाईलकडे वळला, आधीच्या लिलावांत ओतलेल्या रकमांचं ओझं अजून आहे. नव्या प्रक्षेपकावर खर्च करून पहिल्या दिवशी श्रोते शून्य, हा सौदा कुणालाही कठीण वाटेल. तीन जादा कार्यक्रम मिळणं हेच त्यांच्यासाठी खरं आमिष. आज मुंबईतली बहुतेक खासगी स्टेशनं तीच हिंदी चित्रपटगीतं वाजवतात, कारण एका वाहिनीवर जास्तीत जास्त लोक धरून ठेवायचे असतात. जागा चौपट झाली तर एखादी मराठी भावगीतांची, एखादी गझलांची, एखादी लहान मुलांची वाहिनी परवडू शकेल. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. तासाला दहा मिनिटं बातम्या द्याव्यात अशी शिफारस ट्रायने २०२३ मध्ये केली होती. ती मान्य झाली तर शहराच्या बातम्यांची वाहिनीही निघू शकते.

एफएम बंद होणार का?

सध्या तसा कुठलाही दिवस ठरलेला नाही आणि ठरवण्याची घाई करूही नये.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम एकेका प्रांतातून बंद केलं. जानेवारीत उत्तरेकडच्या नूरलान प्रांतापासून सुरुवात झाली, डिसेंबरात संपलं. त्या वेळी तिथल्या सुमारे वीस लाख गाड्यांत डॅब नव्हतं. लोकांना वेगळे अडॅप्टर विकत घ्यावे लागले आणि रेडिओ ऐकणं घटलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने ३१ डिसेंबर २०२४ ला एफएम थांबवलं, तेव्हाही श्रोत्यांची संख्या लक्षणीय घसरली. हे दोन्ही श्रीमंत, छोटे, सुव्यवस्थित देश. दहा-पंधरा वर्षं एकच गाडी वापरणाऱ्या, ट्रकच्या केबिनमध्ये पाचशे रुपयांचा रेडिओ लावणाऱ्या देशात असं करणं म्हणजे गरिबाच्या हातातला रेडिओ काढून घेणं.

युरोपात गाडी कंपन्या कशा तयार झाल्या?

कायद्याने. २०१८ च्या युरोपीय दूरसंचार संहितेनुसार २१ डिसेंबर २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी गाडीत रेडिओ असेल तर तो डिजिटल प्रसारण घेणाराच हवा. त्यानंतर वादच उरला नाही. आपल्याकडे एक तंत्र जाहीर झालं की असाच नियम करावा, पण दोन-तीन वर्षांची मुदत देऊन. गाडीच्या मॉडेलचा आराखडा ती बाजारात येण्याच्या काही वर्षं आधी पक्का होतो.

इलेक्ट्रिक गाडीत मिडियम वेव्ह चालतच नाही म्हणतात, ते खरं का?

अडचण खरी आहे. बॅटरीची वीज मोटरला पुरवणारी यंत्रणा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि त्यातून नेमक्या मिडियम वेव्हच्या पट्ट्यात गोंगाट उठतो. अमेरिकेत काही कंपन्यांनी इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढूनच टाकलं. फोर्डनेही २०२३ मध्ये तसा बेत केला होता. आपत्तीच्या सूचना एएमवरून येतात म्हणून आरडाओरडा झाला आणि कंपनीने निर्णय फिरवला. चांगलं आवरण आणि गाळणी लावली तर गोंगाट आटोक्यात येतो, पण त्याला पैसे पडतात. म्हणून पुढच्या दहा वर्षांचा विचार करता एफएम पट्ट्यातलं डीआरएम लवकर सुरू होणं फार गरजेचं आहे. तिथे हा त्रास बराच कमी असतो.

घरासाठी संच मिळतो का?

मिळतो, पण दुकानात मांडलेला दिसणार नाही आणि चांगल्या संचाची किंमत पाच आकडी असते. एवढ्यात बरा स्मार्टफोन येतो. शेतावर, टपरीवर, स्वयंपाकघरात रेडिओ ऐकणाऱ्याला हा संच परवडणारा नाही. सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्यांवर ज्यांची चहाची वेळ ठरायची, ती माणसं या बदलात सगळ्यांत मागे आहेत आणि मला त्याची टोचणी लागून राहते. गाड्यांमुळे चिपची संख्या वाढली की किंमत उतरेल, हा हिशोब बरोबर आहे. फक्त तो आपोआप होत नाही. सरकारने शाळा, ग्रामपंचायती, मच्छीमार सोसायट्या यांच्यासाठी मोठी खरेदी केली तर हजार-दीड हजारांच्या संचाचा विचार एखादा उत्पादक करेल.

वर्ल्डस्पेससारखं होणार नाही ना?

ज्यांनी विचारलं त्यांचं दुःख मला कळतं, कारण तो संच आमच्याही घरी होता. उपग्रहावरून येणाऱ्या त्या वाहिन्यांसाठी लोकांनी संच घेतले, वर्गणी भरली आणि ३१ डिसेंबर २००९ ला सगळं थांबलं. संच शोभेची वस्तू झाले. इथे फरक असा की वर्गणी नाही, एका कंपनीच्या ताळेबंदावर काही अवलंबून नाही आणि गाडीतला तोच संच एफएम व एएमही लावतो. वाया जाण्यासारखं ग्राहकाचं काही नाही.

जुन्या गाडीत नंतर बसवता येईल का?

कारखान्यातून आलेला पडदा असेल तर सहसा नाही. बाहेरून जोडायचे अडॅप्टर परदेशात बनतात, पण इथे मिळणं आणि पावसाळ्यात बिघडल्यावर दुरुस्त होणं दोन्ही अवघड. मी तरी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

नवी गाडी घेतोय. शोरूममध्ये काय विचारू?

तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटमध्ये डीआरएम आहे का, आणि पुढे एफएम पट्ट्यातलं डीआरएम सुरू झालं तर सॉफ्टवेअर बदलून मिळेल का, हे विचारा. उत्तर लेखी मागा, ईमेलवर आलं तरी चालेल. टेस्ट ड्राइव्हला निघाल्यावर गाडी उघड्यावर आणा, मिडियम वेव्ह लावा आणि इंजिन चालू असताना गोंगाट किती येतो ते ऐका. शेजारी बसलेल्या विक्रेत्यालाही ऐकवा. आमच्या वेळी त्या मुलाला बाहेर आणून पुणे केंद्र लावून दाखवलं, तेव्हा सतार चालू होती. तो म्हणाला, "हे एएम आहे?" आणि त्याने लगेच फोन काढून सहकाऱ्याला वर बोलावलं.